गुळ्याची चांगुणाबाय

चांगुणाबाय परक्या पुरुषाशी कधी थेट बोलत नसे. जे सांगायचं ते ती कुत्र्याला सांगायची. कुत्र्याचं नाव गुळ्या. रंग जुन्या गुळाच्या ढेपेचा, एक कान उभा आणि दुसरा कायमचा मोडलेला. माझी आणि तिची पहिली गाठ दहिवलीजवळ, उल्हास नदीच्या पाण्यात पडली. धोतर गुडघ्यांवर खोचून, जोडे हातात घेऊन मी एका खडकावर उभा होतो आणि पुढचा पाय कुठे टाकावा ते मला समजत नव्हतं. डोक्यावर सुकटीची पाटी घेतलेली एक बाई शेजारून सरसर पुढे गेली, मध्येच थांबली आणि पोहणाऱ्या कुत्र्याला म्हणाली, “गुळ्या, या भावाला सांग, हिरव्या दगडावर पाय देऊ नका, काळ्यावर द्या. हिरवा दगड सासूवानी. दिसतो गार, आनि पाडतो तोंडावर.”

मी सरकारी माणूस. कुत्र्याला दिलेला सल्ला मी कशाला ऐकतो? मी हिरव्याच दगडावर पाय दिला आणि कातडी पेटीसकट पाण्यात बसलो. बाईनं मागे वळूनही पाहिलं नाही. “गुळ्या, भाऊ बसलं वाटतं. उटलं का सांग मला,” एवढं म्हणून ती काठाला लागली.

बोरघाटातून आगगाडी सुरू होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. कर्जतला गाडी थांबायची, तिला मागून आणखी एक इंजिन लागायचं आणि मग ती धापा टाकत घाट चढायची. मला मात्र माझ्या दोन पायांवरच चढावं लागे. मी मूळचा पेणचा, वय चोवीस, नोकरी देवी टोचण्याची. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर हिंडायचं आणि पोरांच्या दंडावर नस्तराच्या बारीक सुरीनं लस टोचायची, हे काम. गावोगाव मला ‘टोच्या’ म्हणत. मी शिवेवर दिसलो की आया पोरं उचलून रानात पळत. मला आयुष्यात तीन गोष्टींची भीती वाटे: उंच कडे, कुत्री आणि पोरांच्या आया. त्या नोकरीत या तीन गोष्टींखेरीज दुसरं काही नव्हतं.

चांगुणाबायची वाट माझ्या वाटेसारखीच होती. दहिवलीच्या टोकाला तिचं खोपट. पनवेलच्या बाजारातून सुकट, बोंबील आणि मीठ आणायचं, ते डोक्यावरून डोंगरातल्या वाड्यांवर न्यायचं आणि बदल्यात हिरडे, मध, डिंक घेऊन खाली यायचं. नवरा ऐन तिशीत गेला, तेव्हापासून तिचा हाच धंदा. नदीतल्या त्या प्रसंगानंतर मी अक्कल विकत घेतल्यासारखा मुकाट तिच्या मागून चालू लागलो. पुढे गुळ्या, मध्ये ती, मागे मी. तिच्याबरोबर गेलं की आया पळत नसत, हा माझा फायदा. तिचा फायदा काय होता ते मला कधी कळलं नाही. बहुधा मी पडायचो आणि तिची करमणूक व्हायची.

महिनाभरानं धीर करून मी तिला विचारलं, की बाई, तुम्ही माझ्याशी का बोलत नाही? तिनं चुंबळ झटकली, पुन्हा डोक्यावर बसवली आणि म्हणाली, “गुळ्या, भाऊ इचारतंत. सांग त्यांना. आमची सासू मरताना म्हनली, चांगुने, बाजारात जा, डोंगरात जा, पन परक्या बाप्याकडं तोंड करून बोलू नको. मी शबूद दिला. आता मी माज्या कुत्र्याशी बोलतंय आनि बापये आयकतंत, त्याला मी काय करू?” हा गुळ्या तिसरा. आधीच्या दोघांची नावंही गुळ्याच होती. माझी बदली झाल्यावर चौथाही झाला म्हणे, आणि तो जिवंत असतानाच चांगुणाबाय गेली. त्यालाही आता पंधराएक वर्षं होतील.

डोंगर कसा चालायचा हे मी तिच्याकडून शिकलो. “अजून किती लांब?” असं विचारलेलं तिला मुळीच खपत नसे. “गुळ्या, सांग त्यांना, चढाचं नाव काडलं का चढ वाडतो.” कोस, मैल हे तिच्या हिशेबी नव्हतं. पाटी किती वेळा खाली टेकावी लागते त्यावर ती अंतर सांगे: कोंदिवडं एका टेकाचं, त्यावरची वाडी तीन टेकांची. पण तिचा खरा नियम एकच होता. कुत्रं बसलं की आपण बसायचं. गुळ्या वाटेत मध्येच थांबून मागल्या पायांवर बसला, की चांगुणाबाय पाटी उतरवून तिथेच फतकल मारायची. तो उठेपर्यंत इंद्रदेव खाली आला असता तरी ती उठली नसती. गुळ्याही मोठा तालेवार. प्रत्येक वळणावर थांबून तो आमची मोजदाद करी. दोघं दिसलो की पुढे, एकच दिसलं तर परत. असा कितीदा तरी तो मला हुडकायला मागे आला, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मला कुत्र्यांची भीती वाटेनाशी झाली आहे. इतर दोन भीती तशाच राहिल्या.

चांगुणाबायच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. त्याबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. एकदा कोंढाण्याच्या लेण्यांखाली ओढ्यावर टेकलो असताना तिनं आपण होऊनच सांगितलं, तेही पाणी पिता पिता. “गुळ्या, भावाला सांग. दोन मुलगं आनि एक मुलगी. एकाच आठवड्यात गेली. मला सोडलान देवीनं, काय उपेग? पारू पोटात व्हती, म्हून ऱ्हायली.” मग तिनं गुळ्याला ओंजळीत पाणी पाजलं आणि आम्ही चालू लागलो.

पारू म्हणजे तिची उरलेली एकुलती एक लेक. ती राजमाचीच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या पदरात असलेल्या उंबराच्या वाडीत दिली होती. सहा वर्षं पाळणा हलला नव्हता; त्यानंतर मुलगी झाली, तुळशी. पौषात तुळशी पाच महिन्यांची झाली आणि त्याच सुमाराला उंबराच्या वाडीशेजारच्या वाडीत देवीची साथ आली. दोन पोरं दगावली. चांगुणाबायला ही बातमी खालापूरच्या बाजारात समजली. ती माल तसाच टाकून थेट माझ्या बिऱ्हाडी आली. मी पायरीवर हात धूत होतो. गुळ्या माझ्यासमोर येऊन बसला आणि तिच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले, “गुळ्या, भावाला इचार. माज्या नातीला टोचाल का?”

टोचीन, पण कशानं? आजच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. मुंबईहून लस काचेच्या नळ्यांत भरून यायची, पण आमच्याकडे पोचेपर्यंत ती बहुधा मरून जायची. खात्रीचा मार्ग एकच होता, दंडावरून दंडावर. आज एका पोराला टोचलं की आठव्या दिवशी तिथला फोड पिकतो. त्यातला पाझर घेऊन त्याच दिवशी दुसऱ्याला टोचायचं. नवव्या दिवशी तो निकामी. माझ्याजवळच्या नळ्या मेलेल्या होत्या. सगळ्या तालुक्यात पिकायला आलेला फोड एकच होता, कोंदिवड्याच्या ठमीच्या पोराच्या दंडावर, आणि त्याचा आठवा दिवस उद्या होता. म्हणजे उद्या ते पोर डोंगर चढून उंबराच्या वाडीला गेलं पाहिजे, नाहीतर तुळशीसाठी मी काहीही करू शकत नव्हतो.

सकाळी आम्ही ठमीच्या दारात उभे राहिलो. दाराला कडुलिंबाचे डहाळे लटकलेले. ठमीच्या सासूनं आम्हांला उंबऱ्याबाहेरच थोपवलं. दंडावर फोड आला म्हणजे देवी घरात आली, अशी त्या घराची समजूत झाली होती आणि देवी आल्यावर जे करतात ते सगळं ती माणसं मनोभावे करत होती. घरात फोडणी नाही, परका माणूस नाही, आणि लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. मी म्हातारीला लस म्हणजे काय ते सांगितलं, सरकारचा हुकूम सांगितला, शेवटी हात जोडले. ती म्हणाली, “सरकार मोटं का देवी मोटी, तुमीच सांगा.”

मग चांगुणाबाय गुळ्यासमोर बसली. “गुळ्या, आयकलंस का? बाय पाव्हनी आलीय या घरात. पाव्हनीला कुनी कडी लावून कोंडतं व्हय रं? तिला पाटीत बसवावी, वाजतगाजत डोंगरावर फिरवून आनावी, लेकीबाळींना दाकवावी, आनि दिवं लागायच्या आत परत घरात आनून बसवावी. मान केला का ती हासत जाती. कोंडली का रुसती. आपल्याला काय, आपुन जातंव.”

म्हातारीनं आतून खण आणून दिला. चांगुणाबायनं पाटी शेणानं सारवली, वर खण अंथरला, भोवती कडुलिंबाचे डहाळे खोचले, कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि मधोमध ठमीचं पोर बसवलं. ठमी अंगावर पाजणारी, तीही निघाली. दिवे लागायच्या आत देवी घरी पोचवीन, असा शब्द देऊन चांगुणाबायनं पाटी डोक्यावर घेतली. एवढा सोपा उपाय मला सुचला नाही, याची मला वाटेत लाजही वाटली.

कोंढाण्याच्या वर, दाट झाडीत शिरल्यावर गुळ्या बसला.

चांगुणाबायनं पाटी उतरवली आणि ती बसली. ठमी बसली. मी उभाच. सूर्य चढत होता. पाव तास गेला, अर्धा गेला. पुढे पानही हलत नव्हतं. “पुढे काही नाही,” मी म्हणालो, “मी जाऊन बघतो.” ती म्हणाली, “गुळ्या, सांग त्यांना, काय हाय ते बगायला जायचं नसतं.” मग माझा तोल सुटला. हिची नात, हिची घाई, आणि ही एका कुत्र्यापायी बसून राहते! मी तिला तसं तोडून बोललो. तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. दोन्ही हातांनी तिनं पाटीची कड धरून ठेवली होती, आत्ता उचलायची अशी. माझ्या दसपट घाई तिला होती. पण पाटीत दुसरीचं पोर होतं. मी मुकाट्यानं खाली बसलो. पुरा तासभर गेल्यावर गुळ्या उठला, अंग झाडलं आणि चालू लागला. पुढे काय होतं, वाघ की डुक्कर की काहीच नाही, ते मला आजतागायत माहीत नाही.

उंबराच्या वाडीची शीव आली आणि आम्ही थबकलो. वाटेवर करवंदीच्या काट्यांचं कुंपण आडवं घातलेलं, पलीकडे पाच-सात पुरुष काठ्या घेऊन उभे. त्यांचा म्होरक्या गोमा कारभारी ओरडला, “तितंच थांबा! आमच्या शिवेवर देवी आनून टाकताव व्हय?”

चूक काय झाली ते मला चांगुणाबायच्या तोंडाकडे पाहून उमगलं. साथ आली की गावकरी देवीची पाटी सजवतात, हळदकुंकू वाहतात आणि दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन ठेवतात. रोग आपल्या गावातून गेला, त्यांच्या गावात जाऊ दे. आमची पाटी हुबेहूब तशी दिसत होती. खालचं दार ज्या युक्तीनं उघडलं, तिनंच वरचं दार बंद केलं होतं. “गुळ्या,” ती खोल आवाजात म्हणाली, “माजंच डोस्कं फिरलं रं. कडुलिंब काडायला इसरले.” आम्ही पुष्कळ सांगून पाहिलं. कारभारी हलला नाही. आज विचार केला तर त्या माणसाचंही काही चुकलं नव्हतं. त्याच्या वाडीत पोरं होती आणि त्याच्या हाती काट्यांखेरीज काही नव्हतं.

ऊन कलू लागलं होतं. परत फिरायला वेळ लागणार, आणि उद्या नववा दिवस. एवढ्यात गुळ्या काट्यांखालून अंग चोरून पलीकडे गेला. काठ्या उगारल्या गेल्या, पण तो त्यांना दाद न देता नेहमीच्या सवयीनं पारूच्या घराकडे धावला. गुळ्या दारात आला म्हणजे आई मागून येतेच, हे पारूला ठाऊक. आई आली नाही, तेव्हा तीच तुळशीला काखोटीला मारून कुंपणापर्यंत धावत आली. आईनं पलीकडून चार वाक्यांत सगळं सांगितलं.

“पारू,” कारभारी म्हणाला, “भाईर पाऊल टाकलंस तर आठ दिस आत येयाचं नाय. आनि तवर या टोच्याबिगर खालचं कुनी वर येयाचं नाय. तुजी आयसुदिक.”

“नाय येत. शेतात खोप हाय आमची.”

तिचा नवरा कारभाऱ्याशेजारीच उभा होता. त्यानं कोयत्यानं एक काटेरी फांदी बाजूला ओढली आणि पारू बाहेर आली.

एका सपाट दगडावर ठमी आणि पारू शेजारी शेजारी बसल्या. मी पेटी उघडली, पण सगळी वाडी आपल्याकडे पाहते आहे या जाणिवेनं माझे हात जागचे हलेनात. तेवढ्यात माझ्या कानाशी आवाज कडाडला, “आवं भाऊ, बगत काय ऱ्हायलाव? काडा ती सुरी!” ती माझ्याशी बोलली होती. सासूला दिलेला शब्द त्या घाईत मोडला आणि तिला त्याचं भानही नव्हतं. मी नस्तर काढलं, ठमीच्या पोराच्या फोडाला टोक लावलं आणि तुळशीच्या दंडावर चार जागी टोचलं. तुळशी रडली. चांगुणाबायनं फक्त तिच्या पायाला हात लावून पाहिलं, पाटी उचलली आणि गुळ्याकडे बोट केलं. “तू हितंच ऱ्हायचं. दोगींना राकायचं.” आणि ठमीचं पोर दिवे लागायच्या आत घरी पोचलं. ठमीच्या सासूनं पाटीला ओवाळून घेतलं.

पुढचे आठ दिवस चांगुणाबाय कुत्र्यावाचून हिंडली. कारभाऱ्याचा शब्द तिनं पाळला, वर गेली नाही. पण बोलायला गुळ्या नव्हता, त्यामुळे ती कुणाही पुरुषाशी बोलेना. लस लागेल का, हा प्रश्न तिनं मला एकदाही केला नाही. पाचांत एखाद्या पोराला ती लागतही नसे, आणि हे मी तिला पूर्वी कधीतरी बढाईच्या भरात सांगून बसलो होतो.

आठव्या दिवशी मी एकटा वर गेलो. चांगुणाबाय डोंगराच्या पायथ्याशी आंब्याखाली पाटी घेऊन बसली. खोपीच्या दारात गुळ्यानं मला ओळखलं. पारूनं तुळशीच्या झबल्याची बाही वर केली. चारही जागी टपोरे फोड, मधे खळगी, भोवती लाल कडं, जसे हवेत तसे! मी खाली बसून पोटभर हसलो. गोमा कारभारी आला, वाकून बराच वेळ त्या दंडाकडे बघत राहिला, मग गेला आणि स्वतःच्या नातवाला घेऊन आला. त्यामागून बाकीच्या आल्या. त्या दुपारी तुळशीच्या दंडावरून वाडीतली सगळी लहान पोरं टोचून झाली आणि पुरुषांनी काटे ओढून टाकले. साथ शेजारच्या वाडीतच विझली. पण ते नंतर समजलं.

परत येताना गुळ्या माझ्या कितीतरी आधी पायथ्याला पोचला. तो तिच्या अंगावर चढला, हात चाटले, पण तिला हवी होती ती बातमी त्याला सांगता येत नव्हती. तिनं त्याचं तोंड बाजूला केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“लागली,” मी म्हणालो. “चारही फोड आलेत. पोर खेळतेय. पारू घरात गेली.”

“फिरून सांगा.”

मी फिरून सांगितलं.

“आनिक एकदा.”

मी तिसऱ्यांदा सांगितलं. आता ही रडेल, असं मला वाटलं. ती रडली नाही. “बरं झालं गं बाय,” एवढंच म्हणाली, चुंबळ डोक्याखाली घेतली आणि तिथेच आंब्याखाली आडवी झाली. मी ओढ्यावरून पाणी घेऊन येईपर्यंत ती गाढ झोपली होती. कलत्या उन्हाची वेळ, वाहती वाट, पाटी उघडी.

तेवढ्यात डोंगरातल्या बायका सुकटीसाठी येऊ लागल्या. तिला उठवणं माझ्या जिवावर आलं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि पाटीशी बसलो. आमच्या घरात मासळीचं नाव काढलं तरी आई पदर नाकाला लावायची. मी करवंटीनं सुकट मोजून देऊ लागलो आणि त्या पदरातले हिरडे ओतू लागल्या. माप मला ठाऊक नव्हतं, पण त्यांना होतं, आणि त्यांनी मला फसवलं नाही.

“म्हातारीला काय झालं वं?” एकीनं हळूच विचारलं.

“काही नाही. नात वाचली तिची.”

ती बाई झोपलेल्या चांगुणाबायच्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग मापाच्या वर आणखी एक ओंजळ हिरडे तिनं पाटीत टाकले आणि जायच्या ऐवजी सावलीला बसली. दुसरी बसली, तिसरी बसली. कुणाचं तरी पोर किरकिरायला लागलं, तर त्याच्या आईनं त्याला चटकन छातीशी घेतलं. सुकट संपली तरी कुणी उठलं नाही, आणि मीही नाही.